ठकीनं टाकलेला घास

हे एका कुत्रीच्या आजारपणाबद्दल आहे. कुत्रीच्या आजारावर पानंच्या पानं लिहिणं ज्यांना चोचले वाटतात त्यांनी इथेच थांबावं. माझी राजारामपुरीत खानावळ आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून साठेक माणसं जेवून उठतात, मलाही रिकामा वेळ नाही. तरी लिहितेय, कारण आमच्या ठकीला काय झालंय हे ओळखायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ओळखल्यावर बरं करताना मी तिला मारता मारता राहिले. दुसऱ्या कुणाचं वर्ष वाचलं तर बरं.

ठकी पामेरियन. पांढरीशुभ्र, कापसाचा गोळा. मुलगी अकरावीत असताना तिच्या हट्टापायी आणलेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिथेच नोकरीला लागली, आणि कुत्री आमच्या गळ्यात राहिली. गळ्यात म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. मामंजी गेल्यापासून आत्याबाई माणसांशी कामापुरतं बोलायच्या. बाकी सगळं ठकीशी. मागच्या पडवीत पाटावर बसून भाजी निवडताना त्यांचं चालू असायचं, "बघ गं, वांगी कसली आणल्यात, निस्त्या बिया. हिला कोन बी गंडवतंय." 'हिला' म्हणजे मला. ठकी ऐकून घ्यायची. माझे यजमान साखर कारखान्यात नोकरीला, हंगामात आठवड्याला एकदा घरी. म्हणजे दिवसभर पडवीत दोन जीव, एक म्हातारी आणि एक कुत्री, आणि दोघी एकमेकींवर खूश.

मला कुत्र्यांचं फारसं प्रेम नाही, हेही सांगून टाकते.

खातं तोंड

पहिली खूण पाण्याची होती. ठकीचं भांडं सकाळी भरलं की दुपारी कोरडं. उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. उन्हाळा संपला, पाणी कमी झालं नाही. आठ वर्षांत घरात कधी घाण न केलेली कुत्री पडवीत मुतायला लागली, आणि मुतून झालं की परातीमागे तोंड लपवून बसायला लागली.

मग भूक. सकाळी खाल्लेलं असायचं, तरी अकराला चुलीपाशी हजर. खरकट्याच्या बादलीत तोंड. एकदा तर अख्खा कांदा पळवला.

सगळ्यात आधी बोलल्या त्या हलिमाभाभी. भाभी आमच्याकडे सतरा वर्षं भाकऱ्या थापतात. कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी सगळं पुन्हा धुवावं लागतं, म्हणून त्या ठकीपासून कायम हातभर लांब. लांब राहायचं म्हणजे ती कुठे आहे यावर सारखी नजर ठेवायची. त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा ठकीला त्यांनीच जास्त पाहिलेलं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "ही आदी अशी नव्हती. येवढं खाती आन् पाठीचं हाड दिसतंय बगा. प्वाट तेवढं खाली लोंबतंय."

आत्याबाई पडवीतून ओरडल्या, "खात्या तोंडाला नजर लावू नगा गं!"

मी आत्याबाईंच्या बाजूने होते. खानावळवालीच्या घरात खातं तोंड म्हणजे निरोगी तोंड. आमच्याकडे जेवून उठलेलं प्रत्येक ताट मोरीत जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातं. कुणी भात टाकला, कुणाची भाकरी अर्धी राहिली, मला पाठ असतं. टाकणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी दारातच विचारते, "काय रे, ताप आहे की भांडण झालंय?" ताट लख्ख असलं की मी विचारत नाही. ठकीची ताटली तर आरशासारखी असायची.

मग केस गेले. दोन्ही कुशींवर सारखे, मापून काढल्यासारखे. शेपटीचा झुपका जाऊन दोरी राहिली. डोक्यावर आणि मानेभोवती तेवढे शिल्लक. जेवायला येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "काकी, तुमच्या उंदरानं मफलर घातलाय." त्याला त्या दिवशी रस्सा दुसऱ्यांदा वाढला नाही.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिचा विचार केला नाही. ठकी खाजवत नव्हती. इतके केस गेले, कातडी कागदासारखी पातळ झाली, आतल्या शिरा दिसायला लागल्या, पण पाय उचलून एकदाही खाजवलं नाही. तुमच्या जनावराचं पाणी वाढलं, भूक वाढली, पोट सुटलं, दोन्हीकडचे केस सारखे गेले आणि खाज मात्र नाही, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

करंजेल, गंधक आणि म्हशीचे डॉक्टर

केस गेले म्हणजे खरूज, हे गल्लीत सगळ्यांना जन्मतः माहीत असतं. गॅरेजवाल्यानं गाडीचं जळकं ऑइल डब्यात भरून पाठवलं, "लावा की, आमची तीन कुत्री बरी झाल्यात." ते मी लावलं नाही, पण करंजेलात गंधक कालवून महिनाभर चोळलं. पडवी पिवळी झाली, ठकी घसरून दोनदा पडली, सगळ्या घराला वास. आत्याबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या घरी ती गाभण आहे की नाही यावर पैज लागली.

मग आमच्या ओळखीच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. म्हशीच्या बाबतीत त्यांचा हात जिल्ह्यात कुणी धरला नसता. त्यांनीही खरूजच म्हणून आठवड्याला एक अशी इंजेक्शनं दिली. चौथ्या आठवड्यात ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, वय झालंय तिचं. खाणं सोडलं की घेऊन या. एक इंजेक्शन देऊ, सुटंल बिचारी."

"गुडघे धरून मीही उठते हल्ली," मी म्हणाले. "मलाही देणार काय?"

ते हसले. आणि त्यांचा मोठेपणा असा की कागदावर एक पत्ता लिहून दिला. "शाहूपुरीत एक नवी पोरगी आलीय. मुंबईला शिकलीय, कुत्री-मांजरं बघती. मला जे कळत नाही ते तिला कळंल."

आत्याबाई त्या दिवशी ठकीला धरायला बरोबर आल्या होत्या. माझ्या मागेच उभ्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी लक्षात ठेवलं नाही.

वऱ्हांड्यातला दिवस

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेर. पहिला प्रश्न: "पाणी किती पिते?"

"दीड तांब्या. तांब्या लिटरचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोजलंत?"

"साठ माणसांची आमटी करते बाई. मोजल्याशिवाय काही होत नाही."

त्यांनी ठकीच्या कुशीवरून हात फिरवला. "खाजवते?"

"नाही."

"मग ही खरूज नाही," त्या म्हणाल्या. वर्षभराने कुणीतरी हे वाक्य बोललं.

नक्की करायला रक्त तीनदा घ्यायचं होतं: सकाळी एकदा, मग एक इंजेक्शन, मग चार तासांनी आणि आठ तासांनी. खानावळ भाभींच्या हवाली करून मी दिवसभर दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसले. शेजारी मलकापूरकडचा एक शेतकरी, मांडीवर शेळीचं करडू. बराच वेळ त्यानं ठकीकडे पाहिलं.

"पावणं, ह्ये काय म्हनायचं?"

"कुत्री."

"भादरलीय व्हय?"

"नाही. आजारी आहे."

"आन् तुमी सकाळधरनं हितंच?"

"संध्याकाळपर्यंत."

त्यानं करडू सावरलं, जरा विचार केला. "येवढं आमच्या बापाला दवाखान्यात कुनी बसलं न्हवतं," तो म्हणाला. टोमणा होता की नुसतीच माहिती, मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्यानं टपरीवरून चहा आणून दिला आणि मी डब्यातली भाकरी-पिठलं त्याला दिलं.

पुढच्या रविवारी पोटाची सोनोग्राफी. जनावरांसाठी तसलं यंत्र तेव्हा इथे नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचे एक माणसांचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी, केंद्र बंद असताना, तयार झाले. ठकीला टेबलावर ठेवली तर ते म्हणाले, "पोटावरचे केस काढावे लागतील." मग चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या."

निदान

निदान फोनवर कळलं. मी कांदे चिरत होते, त्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, कुणाला काही कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, एवढ्याशा. संकट आलं की त्या एक रस सोडतात. ठकीच्या मेंदूतली एक बारीक गाठ त्या दोघींना सतत हाकत होती, त्यामुळे शरीराला वाटत होतं की रोजच संकट आहे. म्हणून भूक, म्हणून पाणी, म्हणून केस. मेंदूतल्या गाठीला हात लावता येत नाही. औषध आहे ते त्या दोन ग्रंथींवर. माणसांच्या कॅन्सरच्या विभागातलं औषध, मुंबईहून मागवावं लागेल.

मला आधी भीती वाटली नाही, राग आला. वर्षभर मी हिला 'खादाड' म्हणून हाकलली होती, मुतली म्हणून नाकाला फटके दिले होते. भीती नंतर आली, आणि ती ठकीपेक्षा आत्याबाईंची होती. संध्याकाळी त्या ठकीला सांगत होत्या, "डाक्टरनं दुखणं धरलंय बघ तुजं. आता बरी हुतीस." ही कुत्री गेली तर ही बाई कुणाशी बोलेल? माझ्याशी तर ती बोलत नव्हती.

मुलीचा पुण्याहून फोन आला, "आई, तिचे हाल करू नकोस, जाऊ दे तिला." यजमान म्हणाले, "लोक हसतील." शेजारी म्हणाले, खानावळीत असलं रोगट कुत्रं बरं दिसत नाही. दोन मुलांनी जेवण बंद केलं. तिसऱ्यानं कुरकुर केल्यावर मी खडूनं फळ्यावर, जिथे रोजची भाजी लिहिते तिथे, लिहिलं: 'आमच्या कुत्रीला संसर्गजन्य रोग नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी दुसरीकडे जेवावे. आजची भाजी: आख्खा मसूर.' आठवडाभर वरच्या दोन ओळी पुसल्या नाहीत, भाजी तेवढी बदलत गेले. गेलेले दोघे परत आले, तिसरा गेलाच नाही. मसूर मी बरा करते.

गोळ्या

गोळ्या सकाळच्या मुंबई लक्झरीने कावळा नाक्यावर आल्या. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट सांगितलं.

"हे औषध त्या ग्रंथींचा काही भाग मारतं. आपल्याला थोडाच मारायचाय. जास्त मेला तर कुत्री राहणार नाही. रोज दोन वेळा, खाण्याबरोबर, लोण्यात घालून द्या. हातमोजे घाला. आणि ती जेवताना बघा. ज्या दिवशी खाता खाता थांबेल, मान वर करेल, दोन घास ठेवून जाईल, त्या क्षणी औषध बंद आणि मला फोन. संध्याकाळची वाट बघायची नाही."

"रक्तात कळत नाही?"

"कळतं. पण रक्त मुंबईला जाऊन येईपर्यंत उशीर झालेला असतो. कुत्री आधी सांगते." शिवाय त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची एक पुडी दिली, ठकी कोसळलीच तर ताबडतोब द्यायला.

आता माझी चूक सांगते. घरातल्या जनावराला अन्न नकोसं होईपर्यंत औषध द्यायचं, हे आत्याबाईंना सांगायला माझी जीभ रेटेना. त्यांच्या घरात कुणी पानात टाकलं की त्यांचा दिवस वाईट जायचा. वाद होणार, दोन दिवस चालणार, आणि माझी डब्यांची वेळ. मी म्हणाले, "ठकीला तुम्ही खायला घाला. ताटली रिकामी झाली की नाही तेवढं मला सांगत जा." का, ते सांगितलं नाही.

पहिला दिवस, ताटली रिकामी. दुसरा, तिसरा, चौथा, रिकामी. मी मोरीवर उभी राहून रोज ती ताटली बघायची, जशी साठ ताटं बघते तशी. लख्ख. आठव्या दिवशी दुपारी मी फोनवर सांगितलं, "अजून थांबली नाही."

"आणि पाणी?"

"पाणी उतरलंय. अर्ध्या तांब्यावर आलंय."

"पाणी उतरलंय आणि खातेय? संध्याकाळची गोळी देऊ नका. उद्या सकाळी घेऊन या, मला बघू दे."

सकाळी न्यायच्या आधीच ठकी पडवीत आडवी झाली. पिवळं पाणी ओकली. उठवलं तर मागचे पाय फाकले. हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या. मी पुडी फोडत होते आणि हलिमाभाभी पीठ भरल्या हातांनी माझ्यापाशी आल्या.

"वैनी, शिव्या घाला, पर ऐका. ताटली ती रिकामी करत न्हाय. चार दिस झालं टाकतीया. आक्का भरवत्यात. अळणीत भाकरी कुस्करून, हातानं, तोंड उगडून. मला म्हनल्या, शालनला सांगू नगंस."

आक्का म्हणजे आत्याबाई, शालन म्हणजे मी. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आमच्याकडे लहान पोरांना आणि बाळंतिणीला देतात.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. ठकीला पदरात गुंडाळून, चप्पल न घालता, रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

"जावा तुमी," भाभी म्हणाल्या. "साठ मानसं मी बघती." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रिक्षात वाकून ठकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मोरीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले आणि पुन्हा परातीला बसल्या.

बाकावर

पांढरी गोळी ठकीनं रिक्षातच ओकून टाकली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिरेतून औषध आणि सलाइन सुरू केलं आणि आम्हाला बाहेर काढलं. "दोन तास," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोघी बाकावर. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी आत्याबाईंवर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला.

"कशाला भरवलंत?"

"टाकत हुती."

"मग मला सांगायचं! तेवढंच तर सांगायला सांगितलं होतं!"

"आन् सांगितलं असतं तर?" त्याही चढल्या. "इंजिक्शन दिलं असतंस तिला! मी न्हवतो व्हय तितं? त्यो म्हशीचा डाक्टर म्हनाला, खानं सोडलं की घिऊन या, सोडवू. मी ह्या कानानं ऐकलंय. मी जित्ती असताना तिला खानं सोडू देतो व्हय?"

वऱ्हांड्यातली माणसं आमच्याकडे बघत होती. म्हातारी चार दिवस कुत्रीला माझ्यापासून वाचवत होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं, आत्याबाईंकडे बोट दाखवूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "मी ताटली बघा म्हणाले नव्हते. ती जेवताना बघा म्हणाले होते."

खरं होतं. मी आयुष्यभर मोरीवर उभी राहून माणसं ओळखत आले. रिकाम्या ताटाला मी कधी काही विचारलंच नव्हतं. आजारी माणसाचं ताट कुणीतरी भरवून, पुसून, लपवूनही रिकामं करू शकतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका कुत्रीच्या ताटलीनं शिकवलं.

दोन तासांचे चार झाले. दुपार कलताना ठकीनं मान उचलली. आत्याबाईंनी आत जाऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बहुतेक माझी तक्रार.

चूल

ठकी दोन दिवस तिथे राहिली आणि घरी आली. त्या संध्याकाळी मी डबे अर्धा तास उशिरा पाठवले, पडवीत बसले आणि आधीच करायला हवं होतं ते केलं.

"आत्याबाई, तिच्या पोटात दोन चुली आहेत असं समजा. जाळ फार झालाय. औषध लाकडं मागं ओढतं. सगळीच ओढली तर चूल विझते. विझायच्या आधी हात आवरायचा. कधी आवरायचा ते ठकी सांगते. घास टाकून सांगते. टाकलं म्हणजे वाईट नव्हे. टाकलं म्हणजे औषध पोचलं."

"म्हंजे टाकाय पायजे?"

"टाकायला पाहिजे."

त्यांनी ठकीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "आन् इंजिक्शन?"

"कुणी देणार नाही. मी देऊ देणार नाही."

"मग ह्ये आदी सांगाय काय तोंड शिवलं हुतं व्हय गं, भवाने?"

शिवलंच होतं. आजारी जनावर घरात असेल तर घरातल्या प्रत्येकाला सगळं सांगा. जो हातानं घास घालतो त्याला सगळ्यात आधी.

चूल पूर्ण विझली नव्हती. महिन्याभरात पांढऱ्या गोळ्या हळूहळू कमी होत बंद झाल्या, मग आठवड्याला ठरलेल्या दिवशी मुंबईची गोळी, कायमची. पडवी कोरडी राहायला लागली. तिसऱ्या महिन्यात कुशीवर लव आली, दिवाळीपर्यंत केस. पांढरे नव्हेत, बदामी. मफलर म्हणणारा विद्यार्थी म्हणाला, "काकी, उंदरानं स्वेटर घेतला." त्याला रस्सा वाढला. जुने डॉक्टर मुद्दाम बघायला आले, चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "मी सुटंल म्हणालो होतो न्हवं? सुटली की."

जे म्हणाले होते की कुत्रीचं एवढं काय, त्यांना मी आजही तेच सांगते. आमच्या खानावळीत जो पाटावर बसला तो आमचा. दुखणं आलं म्हणून त्याला पाटावरून उठवायची आमच्याकडे पद्धत नाही. ठकी त्यानंतर आणखी तीन वर्षं जगली आणि म्हातारी होऊन, आत्याबाईंच्या पायाशी झोपेत गेली. पण शेवट म्हणून मला ते सांगायचं नाही. दुसऱ्या खेपेचं सांगायचंय.

दुसरी खेप

वर्षभराने ठकीचं पाणी पुन्हा वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. पुन्हा रोजच्या गोळ्या, पुन्हा तोच धोका. पहिल्या खेपेला ती थोडक्यात वाचली होती, आता वय दहा.

मी म्हणाले, "या वेळी मी स्वतः बसते तिच्यासमोर."

"तू?" आत्याबाई म्हणाल्या. "डोळं कुत्रीवर आन् ध्यान आमटीवर. मी बसतो. तू जा."

मी घाबरले, पण हो म्हणाले. त्या दिवसापासून दोन्ही वेळा ठकीसमोर ताटली ठेवली की आत्याबाई पाटावर बसायच्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालायच्या. तळवे पाटाला टेकवून, वर स्वतःचं सगळं वजन. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "हाताचा भरवसा न्हाय."

पाच दिवस ठकीनं शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. पाच दिवस आत्याबाई हातांवर बसल्या.

सहाव्या दिवशी दुपारी खानावळ भरलेली, मी रस्सा वाढत होते. वाढता वाढता दारातून मला पडवी दिसत होती. ठकी खात होती. मग थांबली. ताटलीत दोन घास असतील. तिनं मिशा चाटल्या आणि मान वर करून आत्याबाईंकडे पाहिलं. गेल्या खेपेला असं पाहिल्यावर अळणीचा घास तोंडाशी आला होता, ते ती विसरली नव्हती.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आत्याबाईंचे खांदे हलले, हात हलले नाहीत.

"माज्याकडं बगून काय बी हुनार न्हाय," त्या ठकीला म्हणाल्या. मग मान वळवून अशी हाक मारली की पंगतीतल्या सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"शालन! अगं ये लौकर! टाकलं! पोरीनं टाकलं गं!"

मी पळी खाली ठेवली, बाहेर जाऊन फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंद करा. अगदी वेळेवर." परत आले तर ठकी पाटाला टेकून झोपली होती, भाभी दाराशी पदरानं डोळे पुसत होत्या, आणि आत्याबाई अजून तशाच हातांवर बसलेल्या.

"काढा आता हात," मी म्हणाले. "झालं."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ती ताटली उचल आदी."